सूर्याला न दाखवायचं पाणी

बीरगांवच्या तलावावर दिवस उगवायच्या आत माणसांची ही रांग. का, तर म्हणे त्या पाण्यानं फोड सुकतात, जखमा भरतात. काठावरचा बाबा प्रत्येक बाटलीला काळं फडकं गुंडाळून बजावायचा, "सूरज की नजर लगी, तो देवी चली जाएगी." देवी असून उन्हाला भिते, हे कुणालाच खटकलं नाही!

रांगेत माझे मामाही. हरिदासमामा, रेल्वेतून रिटायर, देवदेवता न मानण्याच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. शुगरमुळे पायाचा अंगठा चिघळला होता. मी गुढ़ियारीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, म्हणून मामांच्या घरी जाऊन चांगली भांडले. डॉक्टरांच्या गोळ्या सोडून मामा रोज ते पाणी अंगठ्यावर ओतत होते.

"माया, मले गुण येऊन राहिला. तू काहून चिडून राहिली?"

आणि खरंच, पंधरा दिवस जखम सुकत गेली. मग ती पुन्हा चिघळली, पहिल्यापेक्षा वाईट.

मी मामांच्या दोन बाटल्या उचलल्या. एक फडक्यासकट ठेवली, दुसरी उघडी करून दिवसभर गच्चीवर उन्हात. मग लॅबमध्ये जंतू वाढवलेल्या दोन ताटल्यांत एकेका बाटलीचे थेंब टाकले. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर झाकलेल्या पाण्याभोवती जंतू मेलेले, उन्हातल्या पाण्याभोवती मजेत.

देवीबिवी काही नाही. चौकशी केली, तर वरच्या अंगाच्या औषध कारखान्याचा नाला रात्री तलावात सुटतो. पाण्यात जंतू मारणारं औषध होतं, आणि दिवसा ऊन ते मोडून टाकायचं. बाबा पूर्वी त्याच कारखान्यात पॅकिंगला होता. हे औषध उजेडापासून जपायचं, एवढं तिथून शिकून आला होता.

तिसऱ्या ताटलीत मामांच्या जखमेतले जंतू होते. त्यांनी झाकलेल्या पाण्यालाही भीक घातली नाही. अर्धंमुर्धं औषध रोज चाखून ते पक्के झाले होते. डॉक्टरांच्या त्याच जातीच्या गोळ्याही लागू पडेनात. मला रडूच आलं. शेवटी अंगठा कापावा लागला.

मी ताटल्या रांगेसमोर मांडल्या. बाबा तोवर पसार. मामा पट्टीचा पाय घेऊन रिक्षातून उतरले आणि सगळ्यांना म्हणाले, "सूर्य पाणी साफ करून राहिला होता, अन् आमीच त्याच्यावर फडकं टाकून राहिलो."

बाबा गेला, नाला वाहतोच आहे. एकटं ऊन किती पुरणार? आम्ही तक्रार लिहिली आहे, पहिली सही मामांची. तुम्हीही करा. आणि कुणी म्हणालं उजेड दाखवू नका, तर ती वस्तू आधी उजेडातच नेऊन बघा.