टेचिमानचा थांबा

घानातल्या आमच्या कुमासी शहराच्या गाडीतळावर, उत्तरेकडच्या टामालेची बस चालवणारी बाई एकच, माझी थोरली बहीण आफ्राकोमा. वाट लांबची. सकाळी निघताना ती घसा ओला करण्यापुरतं पाणी प्यायची, मग टामाले येईपर्यंत थेंब नाही.

"प्यायलं की उतरावं लागतं," ती म्हणायची. "पुरुषांना कुठलंही झाड चालतं. मी उतरले तर अख्खी बस खिडकीशी येईल."

मग तिला लघवीला जळजळ सुरू झाली. सारखी घाई, आणि जाऊन बसलं की चार थेंब, तेही मिरची लागल्यासारखे. मला सांगितलं ते कुजबुजत. आमच्याकडे असल्या दुखण्याचं नाव काढलं की लोक बाईची चालचलणूक तपासायला बसतात. तिची नणंद तर तोंडावरच बोलली, "रोज परगावी मुक्काम! काय काय चिकटेल, देवाला ठाऊक."

गाडीतळावर बसमध्ये चढून, आधी प्रार्थना म्हणून मग औषधं विकणारा एक जण होता. सगळे त्याला डॉक्टरच म्हणायचे. आफ्राने त्याच्याकडून लाल-पिवळ्या कॅप्सूल घेतल्या. बरं वाटलं की बंद करायची, जळजळ उठली की पुन्हा एखादी गिळायची. असे कित्येक आठवडे काढले.

हरमाटानचे कोरडे वारे सुटले होते तेव्हाची गोष्ट. मी टामालेला कांदे आणायला निघाले होते, तिच्या शेजारच्याच सीटवर. कुमासी मागे पडलं आणि आफ्रा म्हणाली, "डुफिए, खिडकी लाव गं."

"या उकाड्यात?"

"लाव म्हणते ना!"

तिचे दात वाजत होते. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा बरगडीखाली कमरेत दाबलेला. कपाळाला हात लावला तर चटकाच बसला.

"आफ्रा, गाडी बाजूला घे."

"मागे माणसं आहेत. या आडरानात त्यांना कुठे सोडू? टेचिमान येऊ दे."

एका कडेने, सावकाश, तिने गाडी टेचिमानच्या तळापर्यंत आणली. ब्रेक लावला, इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि चाकाला धरून भडाभडा ओकली. तिथल्या एका ड्रायव्हरने बस पुढे नेली. मी तिला टॅक्सीत घालून दवाखान्यात नेलं.

तिथल्या परिचारिकेचं नाव झेनाबू. तिने लघवीचा नमुना घेतला, पाठीवर हलकेच थाप मारली तशी आफ्रा कळवळली.

"सिस्टर, मी तसली बाई नाही हो," आफ्रा डोळे मिटून म्हणाली.

"मी विचारलं का?" झेनाबू म्हणाली. "हे जंतू कुठून आले सांगू? तुमच्याच आतड्यातून. शौचाच्या वाटेवरून लघवीच्या वाटेत शिरतात. बाईची ती वाट आखूड, म्हणून आपल्याला जास्त त्रास. लघवी तुंबवून ठेवली, पाणी तोडलं, की त्यांना वाढायला निवांत जागा मिळते. तुमचे तर वर मूत्रपिंडापर्यंत चढलेत. आधी काही घेतलंत?"

आफ्राने पर्समधून कॅप्सूल काढल्या. झेनाबूने त्या हातातही घेतल्या नाहीत.

"अर्धवट घेतलं की कच्चे जंतू मरतात, चिवट उरतात. आता तुमच्या लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघू, कोणत्या औषधाला मरतात ते. तोवर इंजेक्शन."

तपासणीचा अहवाल आला तेव्हा कळलं, त्या कॅप्सूलमधलं औषध या जंतूंना आता लागूच पडत नव्हतं. ताप उतरल्यावर डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या गोळ्या दिल्या. झेनाबूने बजावलं, "उद्या नाचावंसं वाटलं तरी शेवटची गोळी पोटात गेल्याशिवाय थांबायचं नाही. पुसताना पुढून मागे. आणि लघवी लागली की जायचं."

आफ्राने एकही गोळी चुकवली नाही. नणंद भेटायला आली, तेव्हा हे सगळं तिला मोठ्या आवाजात ऐकवलं, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असं. नणंद खाली बघत म्हणाली, "मलाही होतं गं कधीकधी." दुसऱ्या दिवशी आफ्राच तिला दवाखान्यात घेऊन गेली.

मग ती गाडीतळाचे मुख्य, ओपानीन बाडू, यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"माझी बस यापुढे टेचिमानला थांबेल. तिथे स्वच्छ संडास आहे."

"वेळ जाईल," म्हातारा म्हणाला. "लोक दुसऱ्या गाडीत बसतील."

"बसू देत."

"इतकी वर्षं नाही थांबावं लागलं ते?"

"लागत होतं, ओपानीन. आम्ही दाबून ठेवत होतो. त्यापायी मूत्रपिंड गमवायची वेळ आली होती. थांबायचं नसेल तर चाव्या घ्या."

तिने चाव्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी चाव्यांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "पुरुष प्रवाशांची बोलणी तू खायचीस. माझ्याकडे कोणी यायचं नाही," असं म्हणून चाव्या परत तिच्याकडे सरकवल्या.

पहिल्या फेरीला मीही होते. टेचिमानला बस थांबली तसा मागून एक जण ओरडला, "ए बाई, गाडी बिघडली का?"

"गाडी ठणठणीत आहे," आफ्रा म्हणाली. "ज्यांना जायचंय त्यांनी जाऊन या. कोणाला टाकून जाणार नाही."

मग एक आजी कमरेला गुंडाळलेलं कापड सावरत उठली, तिच्यामागे पाठीला मूल बांधलेली एक, मग बायकांची रांगच लागली. ओरडणारा गृहस्थही शेवटी गुपचूप उतरला.

सगळे परत येईपर्यंत आफ्राने पाण्याची पिशवी दाताने फोडली आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.