मेंदीचा हात नळाखाली

परवा लग्न, आणि राजसीच्या हातांवरची मेंदी अजून ओली होती. हेंद्रेपाड्यातल्या त्यांच्या इमारतीखाली मांडव घालणं चालू होतं. बांबूंच्या आवाजाने बिथरलेलं कुत्र्याचं एक पिल्लू जिन्याखाली दडलं होतं. राजसी त्याला कोपराने बाहेर काढायला वाकली, तशी त्याने झडप घालून तिचा उजवा अंगठाच धरला. सोडला तेव्हा मेंदीतून रक्त वर आलं.

तिची आई कुमुदिनी धावत आली. "हळद दाब आधी. एवढंसं पिल्लू ते, काय होतंय त्याने."

दूध घालायला आलेल्या बनूबाईंनी किटली खाली ठेवली. म्हातारीने राजसीचं मनगट पकडलं आणि तिला सरळ आवारातल्या नळापाशी ओढत नेलं.

"हळद नको नि चुना नको. साबन आना."

"अहो, सगळी मेंदी जाईल," कुमुदिनी म्हणाली. "परवा लग्न आहे पोरीचं."

"माज्या भावाला पिल्लूच चावलं व्हतं. आमी मिरची भरली. दोन महिन्यांनी पानी बघून किंचाळाया लागला. मंग डाक्टरच्या हातातबी काय नव्हतं."

 साबण आणायला कुमुदिनीच पळाली.

मोबाइलवर वेळ लावून पंधरा मिनिटं धार धरली. वेलबुट्टी गेली, मोर गेला, नवरदेवाचं, समीरचं नावही गेलं. पण राजसीने हात नळाखालून काढला नाही.

जवळच्या दवाखान्यात दंडावर लस मिळाली. "रक्त आलंय, म्हणजे जखमेत रेबीजविरोधी सीरमचं इंजेक्शनही द्यावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "ते आमच्याकडे नसतं. उल्हासनगरच्या मोठ्या हॉस्पिटलला जा. उद्यावर टाकू नका."

राजसीने रिक्षातूनच होणाऱ्या नवऱ्याला फोन लावला. समीर उल्हासनगरातच, कॅम्प दोनमध्ये राहायचा. त्याने फक्त कोणतं हॉस्पिटल एवढंच विचारलं. "तुम्ही या, मी केसपेपर काढून ठेवतो."

अंबरनाथला गाड्यांची ही रांग. रिक्षावाल्याने मागे वळून तो लालभडक अंगठा पाहिला. "ताई, घट्ट पकडून बसा," म्हणत त्याने रिक्षा गल्लीत घातली. खड्डे, हॉर्न, भाजीच्या गाड्या. कुमुदिनी देवाचं नाव घेत होती आणि राजसीला त्या धांदलीतही हसू फुटत होतं.

समीर केसपेपर घेऊन दारातच उभा होता. सुई जखमेत शिरली तेव्हा तिने त्याचा खांदा असा आवळला की तोच कळवळला. नर्सने कागदावर पुढच्या तारखा लिहिल्या.

"सोमवारी दुसरा डोस. चुकवायचा नाही."

"सोमवारी सत्यनारायण आहे," कुमुदिनी पुटपुटली. "सासरचे काय म्हणतील?"

लग्न थाटात लागलं. फोटोत एक हात गडद, दुसरा फिका, आणि सगळ्यांना त्याची गोष्ट सांगता सांगता समीरचा घसा बसला.

सोमवारी पूजेची आरती झाली, तशी राजसी सासूबाईंना कसं विचारावं म्हणून घुटमळली. सासूबाई चपला घालून तयारच होत्या.

"चल, ओपीडी बंद व्हायच्या आत पोचू. प्रसाद काय, समीर वाटेल."