सुपातले खडे

"खडे वेच, मावशी. दिसतीन तेवढे वेच," असं म्हणत चैतरामने तांदळाचं सूप रुख्माबाईपुढे सरकवलं आणि एक चष्मा तिच्या नाकावर चढवला.

कामठ्याच्या सोमवारच्या बाजारात चिंचेखाली पेटी मांडून तो चौदा वर्षं चष्मे विकत होता. बायांना अक्षरं येत नाहीत, मग डोळे तपासायचे कसे? त्यावर त्याने ही युक्ती स्वतःच काढली होती आणि तिचा त्याला भारी अभिमान होता. पसाभर तांदूळ, त्यात मोजून बारा खडे. दहाच्या वर वेचले की नंबर बसला!

रुख्माबाईचा जन्म भातगिरणीत तांदूळ निवडण्यात गेला होता. आता दोन्ही डोळ्यांवर पांढुरकं आलं होतं. गोंदियाच्या धर्मशाळेत नागपूरच्या डॉक्टरांचं शिबिर लागलं होतं, पण ते बुधवारी उठणार होतं.

"नर्सबाई म्हणते, मोतीबिंदू हाय, चिरा द्या लागते, नाई तं डोरे जातीन," ती म्हणाली. "चष्म्यानं भागलं तं चिरा कायले देऊ गा बापू?"

"सूपच सांगते ना, मावशी."

सुपाने सांगितलं. बाराच्या बारा, तेही चैतरामची विडी पेटायच्या आत!

"बसला!" चैतराम दहा माणसांत ओरडला. "आता कायचा चिरा अना कायचं काय!"

रुख्माबाईच्या चेहऱ्यावरची भीती पार पळाली. पैसे देऊन, चष्म्याच्या दांड्या कानामागे पुन्हापुन्हा दाबत ती नातवाच्या खांद्यावर हात ठेवून निघाली. तो हात मात्र चैतरामच्या नजरेतून सुटला.

संध्याकाळी तो गोंदियाला घरी पोचला तेव्हा प्रेमिला ओट्यावर तांदूळ निवडत होती. नवऱ्याचे रिकामे हात पाहून तिचं टाळकं फिरलं.

"अजी, भाजी कुठं हाय? सकारी तीन डाव सांगतलं होतं ना?"

ती त्याच्याकडे डोळे वटारून बोलत होती आणि खाली तिची बोटं आपल्या कामात होती. खडे बाजूला पडत होते. तोंड थांबत नव्हतं, बोटंही थांबत नव्हती.

"तू सुपाकडे काऊन नाई पाहत?" चैतरामने विचारलं.

"कायले पाहू? खडा बोटाले लागते ना!"

"न पाहता?"

"लहानपणापासून निवडून राहिली मी. झोपेतई निवडीन."

चौदा वर्षं चैतराम डोळे तपासत होता कुठे? तो बोटं तपासत होता.

शेजारी ईश्वरदास राहायचा. कचेरीबाहेर अर्ज लिहून द्यायचा, त्यामुळे अर्धा वकीलच. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"दस लोकायसमोर पारखून घेतला ना तिनं? फिर खतम. कायद्यात तुह्यावर कोणी बोट नाई ठेवू शकत."

"अना डोरे गेले तं?"

"ते देवाची मर्जी. पण एक सांगतो. आपल्या तोंडानं चूक कबूल केली ना, तं साऱ्या बाया चष्मे घेऊन दारात उभ्या राहतीन. पाहून घे."

रात्रभर चैतराम कूस बदलत राहिला. मंगळवारी उजाडताच त्याने सायकल काढली.

रुख्माबाई अंगणात होती. चष्मा नाकावरच होता. शेजारणी त्याचं कौतुक करत होत्या.

"मावशी, चष्मा वापस दे. तू शिबिरात चाल."

"काऊन? मले दिसते ना!"

चैतरामने भिंतीला टेकवलेलं सूप उचलून तिच्यापुढे धरलं. "हात मागं घे. आता सांग, काय हाय यात?"

तिने हात पाठीमागे घेतले. बराच वेळ बघितलं. "तांदूर," ती म्हणाली. "खडे... असतीन दोन-तीन."

सूप रिकामं होतं.

"काई नाई त्यात, मावशी," चैतराम म्हणाला. "माह्या पेटीत तुह्या डोऱ्याचा चष्मा नव्हताच. बसला म्हणलो, ते माहं चुकलं."

तिने रिकाम्या सुपातून हात फिरवून पाहिला. मग चष्मा काढून त्याच्या हातात दिला.

"चिरा देतानी बहुत दुखते का गा?"

प्रत्येक गिऱ्हाइकाला तयार उत्तर देणारा हा माणूस पहिल्यांदाच म्हणाला, "मले नाई मालूम." आणि तिला सायकलच्या कॅरियरवर बसवून निघाला.

ईश्वरदासचं म्हणणं खरं ठरलं. बाया आल्या, चष्मे परत केले, आणि चैतरामने प्रत्येकीचे पैसे मोजून दिले. पुढच्या बाजारापासून त्याच्यापुढे बसणारीला हात पाठीमागे घ्यावे लागत. खडे वेचायचे नाहीत, नुसते मोजून सांगायचे. लोक हसत. बाया वैतागून उठत आणि पलीकडच्या नव्या चष्मेवाल्याकडे जात. तो एका झटक्यात "बसला!" म्हणायचा.

दोन महिन्यांनी एका सोमवारी रुख्माबाई बाजारात आली. डावा डोळा वाचला नव्हता. उजव्यावर दवाखान्याची जाड काच होती. नातू बरोबर नव्हता. ती एकटीच, गर्दीतून वाट काढत चिंचेखाली आली, चैतरामसमोर बसली आणि कोणी न सांगता तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले. मान वाकवून सुपात नीट पाहिलं.

"सूप खाली हाय गा, बापू," ती हळूच म्हणाली.

रिकामंच होतं. सकाळपासून एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं, त्यामुळे तांदूळ काढायची वेळच आली नव्हती.

"बराबर हाय, मावशी," चैतराम म्हणाला.