कोरड्या ओळीतल्या सावरी

सावरीचं फूल झाडावरून सुटतं तेव्हा त्याला आवाज असतो; जाड, ओल्या पाकळ्यांचा, मातीवर कुणी तळवा टेकवावा तसा. माझी पत्नी मीनल बोलता बोलता तो आवाज ऐके आणि वाक्य अर्ध्यावर सोडून मान वळवी. रोह्यामागच्या डोंगरउतारावर फाल्गुनातल्या सकाळी मी तिच्यासाठी शिडी धरून उभा असे. वर निष्पर्ण फांद्यांचं लाल छत्र, त्यातून गाळून येणारं कोवळं ऊन, आणि त्या उन्हात कळीतले पुंकेसर चिमट्याने वेगळे करणारी तिची बोटं. मग दुसऱ्या जातीच्या झाडाचे पराग ती कुंचल्याने त्या फुलाला लावी, आणि पाखरांनी त्यात आपली भर घालू नये म्हणून वर मलमलची पिशवी बांधी. गाठ मारून झाली की पिशवीवरून तिचा हात हलकेच फिरे. झोपलेल्या मुलाचं पांघरूण सारखं करावं, तसा.

पीएच.डी.नंतरच्या संशोधनाला तिने हा विषय घेतला होता : काटेसावर आणि देवसावर यांचा संकर. उन्हाळे लांबत चालले आहेत, पाऊस एकदम कोसळून संपतो आहे. अशा काळात डोंगरावरचं रान टिकायचं असेल, तर एका झाडाची काटकता दुसऱ्याच्या वंशात उतरवता येईल का, एवढाच तिचा प्रश्न. 'टिकणं' हे क्रियापद तिच्या तोंडी इतक्या मायेने येई, की ते एखाद्या गावाचं नाव वाटावं.

माझी आई पेणकडची, भातशेतीत वाढलेली. तिला या उद्योगाची भारी गंमत.

"झाडांची लग्नं लावत फिरतेस गो, मग माझ्या भाच्यानं काय घोडं मारलंय? पस्तिशीला आला तो."

"त्याची पत्रिका आणा, आई. पण आधी पिशवीत बांधून ठेवावं लागेल त्याला."

"बांध, बांध! नायतरी नाक्यावरच उभा असतो मेला."

आणि दोघी रोह्यालगतच्या वरसे गावातल्या आमच्या घराच्या पायरीवर बसून अशा हसत, की मी पुस्तकातून डोकं वर काढी आणि काय झालं हे विचारायला मला उशीर झालेला असे.

त्या संकरातून उगवलेली रोपं अंगणात पत्र्याखाली दोन ओळींत उभी होती. एका ओळीला पाणी, दुसरीला नाही. कोरड्या ओळीतली किती झाडं उन्हाळा काढतात, यावर तिच्या सगळ्या श्रमांचा निकाल होता. पानं गळाली तरी ती घाबरत नसे. अंगठ्याच्या नखाने साल किंचित खरवडून आतला हिरवा रंग पाही आणि स्वतःशीच मान हलवी.

माघात साधा म्हणून आलेला ताप तिच्या फुप्फुसांत उतरला. इस्पितळात, बोलणं जड झालं असताना, तिने मला जवळ बोलावलं. "त्या ओळीला पाणी घालू नकोस. दया येईल तुला. आली तरी नको."

दहाव्या दिवशी कुंडलिकेच्या काठी मी तिच्या नावाने तिळाचं पाणी सोडलं, आणि घरी येऊन तिच्या तहानलेल्या झाडांपुढून रित्या हातांनी गेलो. पुढे रोज तसाच जात राहिलो. वैशाखाच्या अखेरीस मी भीत भीत साल खरवडली. आत हिरवं होतं. पुण्याला तिच्या मार्गदर्शक बाईंना मी फोन केला. त्या म्हणाल्या, "मीनलचं खरं ठरलं." शोधनिबंध तिच्या नावाने पुरा करायचा, असं ठरलं. त्या संध्याकाळी, ती गेल्यानंतर पहिल्यांदाच, मला जेवण गोड लागलं.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला एके दिवशी मी नोकरीच्या ग्रंथालयातून लवकर घरी आलो. जवळच्या कंपनीच्या दुपारच्या शिफ्टचा भोंगा वाजत होता. आई कोरड्या ओळीपाशी उकिडवी बसून वाटीने एकेका रोपाच्या मुळाशी पाणी सोडत होती, अगदी सावकाश, बाळाला पाजावं तसं.

"आई, कधीपासून?"

"पोर गेली तवापासून. रोज वाटी वाटी."

"तिने नको म्हटलं होतं!"

"तुला म्हटलं असंल. मला नाय म्हटलं." तिने वर पाहिलं नाही. "तू तिला नदीवर पाणी दिलंस ना? मी हितं देते. सुतकाच्या घरात तिच्या हातचं झाड तहानेनं मरू देऊ व्हय?"

मला राग आला नाही, आणि त्याचीच मला अजून लाज वाटते. मनाच्या तळाशी काहीतरी निवलं होतं : बरं झालं, कुणीतरी पाणी दिलं. पुढचे कित्येक दिवस मी फोन हातात घेई आणि खाली ठेवी. बाईंना सांगू नये, तर मीनलच्या नावाखाली असत्य छापलं जाणार. सांगावं, तर तिचं अखेरचं संशोधन माझ्याच हातून खोडलं जाणार. तिला खोट्याची चीड होती, हे आठवून अखेर मी सांगितलं.  बाई मृदूपणे म्हणाल्या, "मग हा प्रयोग ग्राह्य धरता येणार नाही. पुन्हा करावा लागेल. कुणीतरी करील." त्या 'कुणीतरी'त मीनल नव्हती.

दुसऱ्या दिवशी आईने भाजी निवडता निवडता विचारलं, "पास झाली का रे तिची झाडं?"

मी तिच्या सुरकुतलेल्या, ओल्या बोटांकडे पाहिलं.

"झाली, आई."

"मला ठावं होतं," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसून तिने मेथीची दुसरी जुडी ओढली.

त्या एका होकारात मी आईला जपलं की मीनलला पुन्हा एकदा गमावलं, ते मला ठरवता येत नाही. काळाच्या ओघात मी तिला विसरेन, याचं भय मला वाटत नाही. भय वाटतं ते याचं, की कधीतरी ती मला आठवेल ती मी आईला सांगितली तशी, पास झालेली, होती तशी नव्हे.