राहून गेलेला अंतरपाट

माझी पणजी पासोडी होती. जाड, पांढरी, हातमागावरची. तिच्याआडून या घरातल्या एका सुनेने नवऱ्याचे तोंड आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. माझी आजी धाबळी होती. सोवळ्याची, तिखट स्वभावाची, कोणाही ऐऱ्यागैऱ्याचा हात लावून न घेणारी. माझी आई रेशमी शाल. तिच्याआडून लताबाई या घरात आल्या. आणि त्या तिघींच्या मागून मी.

मी एक जुनी शाल आहे. केशरी अंगाची, हिरव्या काठाची. मला कोणी पांघरत नाही, कारण मी अंतरपाटाची शाल आहे. मित्रांनो, सरळ बसा आणि ऐका. मध्ये बोललेले मला चालत नाही.

तुमच्यापैकी अनेकांनी लग्नात फक्त जेवणाची पंगत पाहिली असेल, म्हणून सांगते. वधू आणि वर समोरासमोर उभे राहतात आणि दोघांच्या मध्ये एक वस्त्र धरतात. मंगलाष्टके चालू असेपर्यंत त्यांनी एकमेकांना पाहायचे नसते. 'सावधान' झाले की ते वस्त्र दूर होते, दृष्टभेट होते, हार पडतात. ते वस्त्र म्हणजे अंतरपाट. दोन माणसांना थांबायला लावणे, हे माझे काम.

माझा जन्म अमृतसरच्या मागावर झाला. नागपुरात सीताबर्डीच्या दुकानात लताबाईंनी मला उलटी करून मागची वीण तपासली, काठ ओढून पाहिला आणि मगच घरी नेले. त्यांच्या मुलाचे, मनोहरचे, लग्न अहिल्येशी ठरले होते. अंगावर कुंकवाचे स्वस्तिक रेखून मला धरले तेव्हा मनोहर टाचा उंचावून पलीकडे डोकावू लागला. मी त्याला दाद दिली नाही. पुढे आळीतल्या कितीतरी घरांनी मला मागून नेले. मला धरले की मांडवातली कुजबुज थांबत असे. 'शाल असावी तर अशी,' असे लोक म्हणत, आणि ते खरेच होते.

मग भाड्याचे अंतरपाट आले. टिकल्या लावलेले, मोती टाचलेले, वधूवरांची नावे चमकीने लिहिलेले. त्यांच्याबद्दल मला बोलायचे नाही. एका लग्नापुरते जन्माला यायचे आणि दुसऱ्या दिवशी नाव खरवडून दुसऱ्याचे नाव लावून घ्यायचे, याला वस्त्र म्हणत नाहीत. मी डांबराच्या गोळ्यांच्या वासात पेटीत पडून राहिले, पण कोणाकडे तक्रार केली नाही.

मला बाहेर काढले ते महासाथीच्या वर्षी. मनोहर-अहिल्येची मुलगी देवयानी तेव्हा अमेरिकेत शॉमबर्गला अडकली होती, तिचा ठरलेला वर शंतनू सनीव्हेलला. विमाने बंद होती. मनोहरचे म्हणणे, "विमानं सुरू होऊ देत. लग्न म्हणजे ऑफिसची मीटिंग नव्हे." देवयानीचे म्हणणे, "कधी सुरू होणार, तुम्हाला कोणी कळवलंय का बाबा?" बापलेक एकाच मातीचे. त्यानंतर बरेच दिवस दोघे एकमेकांशी अहिल्येच्या मार्फतच बोलत होते.

अखेर नागपूरच्या घरात दोन पाटांवर दोन लॅपटॉप समोरासमोर मांडले गेले. एकात देवयानी, दुसऱ्यात शंतनू. मध्ये मी. एक टोक मनोहरच्या हातात, दुसरे अहिल्येच्या. गुरुजी तोंडाला फडके बांधून दाराशी उभे राहून मंगलाष्टके म्हणत होते. शेवटचे कडवे आले आणि वीज गेली. पंखा थांबला, इंटरनेट गेले, आणि दोन्ही पडद्यांवरचे चेहरे होते तसेच थिजले. देवयानीची पापणी अर्धी मिटलेली राहिली.

"अहो, फोन लावू का तिला?" अहिल्येने विचारले.

"टोक सोडायचं नाही," मनोहर म्हणाला. "दोघांना 'सावधान' ऐकू गेल्याशिवाय अंतरपाट दूर होत नसतो."

आणि ती दोघे तशीच उभी राहिली. गुरुजी गेले. लॅपटॉप एकामागून एक विझले. अहिल्या थकून खुर्चीवर टेकली, तरी टोक वर धरूनच होती. मनोहर बसलाही नाही. त्याच्या हाताचा घाम माझ्या काठात मुरला. फोन का लावला नाही, असे तुम्ही विचाराल. विचारू नका. हातात घेतलेले टोक सोडायचे नसते, हे त्याला मीच शिकवले होते.

वीज आली, लॅपटॉप पुन्हा जोडले, दोन चेहरे हलले, तेव्हा देवयानी आणि शंतनू आपापल्या घरी केक खात बसली होती. देवयानी म्हणाली, "तुम्ही कॉल कट केलात. आम्ही वाट पाहिली, मग उरकलं." मनोहर फक्त "सुखी राहा" म्हणाला आणि आत निघून गेला. वीज गेली होती, हे अहिल्येने नंतर सांगितले. पण आई नेहमीप्रमाणे बाबांना सावरून घेते आहे, असे मुलीने ठरवून टाकले. मनोहरचा उजवा खांदा त्या दिवसापासून आखडला. कारण कोणाला सांगू दिले नाही. माझी घडी घालताना मात्र तो म्हणाला, "अहिल्या, मुलीचं एक देणं राहिलं आपल्याकडे. फिटेपर्यंत हिला पेटीत ठेवायची नाही."

म्हणून मी पाच वर्षे कपाटाच्या वरच्या खणात होते, आणि म्हणून या हिवाळ्यात अहिल्येच्या हातातल्या पिशवीतून अमेरिकेस आले. शॉमबर्गच्या घरात अहिल्येने दोनदा अंतरपाट धरण्याचा विषय काढला. देवयानी म्हणाली, "आई, तो टॉपिक क्लोज्ड आहे. तेव्हा बाबांना नको होतं, मग आता काय?" मनोहर खिडकीतून बर्फ पाहत बसला. देणे देऊ पाहणाऱ्याला घेणाऱ्याने दारातच उभे करावे, हे मी प्रथमच पाहिले.

परतीचे विमान दोन दिवसांवर आले असताना सगळे सहलीला ओरलँडोला गेले, आणि तिथे शंतनूने आम्हांला एका लग्नाला नेले. लग्न कसले! एका हॉटेलामागच्या सभागृहात तिकिटे काढून पाहायचे ग्रीक लग्नाचे नाटक, जेवणासकट. दर शुक्रवारी एकदा आणि शनिवारी दोनदा तीच वधू त्याच वराशी लग्न करते. खऱ्या ग्रीक लग्नाला मी गेलेली नाही. तिथल्या म्हाताऱ्या बायका माझ्याइतक्याच कडक असणार, आणि त्यांनी हा प्रकार पाहिला असता तर झाडू घेतला असता.

दारातच प्रत्येकाच्या छातीवर नात्याची चिठ्ठी चिकटवत होते. अहिल्या नवरीची आत्या झाली. मनोहरच्या चिठ्ठीवर लिहिले होते 'गावाकडचा भांडखोर काका'.

"बाबा, हे मात्र त्यांनी परफेक्ट ओळखलं," देवयानी म्हणाली.

"तिकीट कोणी काढलं?" मनोहरने विचारले.

"शंतनूनं."

"मग चिठ्ठीही त्यानंच सांगितली असेल."

शंतनू घाईघाईने पाणी प्यायला.

आत जे पाहिले ते सांगायचीही मला लाज वाटते. वधू बोहल्यावर च्युइंगम चघळत होती. पुरोहिताची दाढी एका कानाकडून सुटली होती. चीजच्या तुकड्यावर दारू ओतून तो टेबलावर पेटवला, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे स्वयंपाकघरात असे पेटले तर बाई बादली घेऊन धावते. दह्यातली काकडी चाखून अहिल्या म्हणाली, "ही आपली कोशिंबीरच की. लसूण सांडलेला दिसतोय." नवरीची आजी झालेली मोना नावाची नटी काठी टेकत टेबलाटेबलांतून फिरत लोकांच्या डोक्यावर "फ्तू, फ्तू" करून दृष्ट काढत होती. दृष्ट काढावी, पण थुंकी उडू नये, एवढे तिला कोणी शिकवले नव्हते. आणि ताटे! फुटण्यासाठीच घडवलेली पांढरी ताटे, ज्यांनी कधी अन्न पाहिले नाही, ती जमिनीवर आपटून लोक आनंद मानत होते. एकेक ताट आपटले की माझा काठ आकसत होता.

सभागृह थंडगार होते, म्हणून अहिल्येने मला खुर्चीच्या पाठीवर टाकले होते. नाच सुरू झाला. नाचणाऱ्यांच्या पुढाऱ्याला हातात रुमाल लागतो म्हणे. त्याने मला ओढले. मला! ज्या अंगावर कुंकवाचे स्वस्तिक रेखले जाते, ते अंग त्या माणसाने डोक्यावर गरगर फिरवले, हरभऱ्याच्या चटणीत बुडवले आणि त्याच्या घामेजलेल्या मानेवरून पुसत नेले. अहिल्या त्याच्यामागे धावत होती, "अहो, द्या ती, ती शाल आहे हो!" आणि लोकांना वाटले की आत्याबाई फार छान नाचतात.

मोनाने मला त्याच्या हातातून काढून अहिल्येला परत दिले. त्या सभागृहात एवढे एकच काम नीट झाले, असे मला तेव्हा वाटले.

इतक्यात ध्वनिक्षेपकावर घोषणा झाली. पाहुण्यांतल्या एका खऱ्या जोडप्याचे आता पुन्हा लग्न लागणार. शंतनूने तिकीट काढताना लग्नाचा वाढदिवस असल्याचे खोटेच कळवले होते. त्याला व देवयानीला व्यासपीठावर चढवले गेले, डोक्यांवर कागदी फुलांचे मुकुट आले, सुटलेल्या दाढीचा पुरोहित पुढे सरसावला, आणि सगळ्यांनी ताटे उगारली.

मनोहर उभा राहिला.

"थांबवा हे," तो म्हणाला. इंग्रजीतही म्हणाला. "ही माझी मुलगी आहे. हिचं लग्न अजून अर्धं राहिलंय, आणि ते असं पुरं होणार नाही."

"बाबा, नुसती मजा आहे," शंतनू म्हणाला.

"तुझी असेल. अहिल्या, टोक धर."

देवयानी वरूनच म्हणाली, "बाबा, प्लीज, सीन नको. तेव्हा तुम्हीच कॉल कट केलात ना? मनात नव्हतं ना तुमच्या? मग आता काय दाखवताय?"

उत्तर दिले ते अहिल्येने, आणि लग्नापासून आजवर तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

"कट? अगं, वीज गेली तरी हे शालीचं टोक सोडेनात. गुरुजी गेले, दूधवाला येऊन दार वाजवून गेला, तरी हे असे हात वर करून उभे. मला फोनसुद्धा लावू दिला नाही. तू केक खात होतीस ना, त्या मिनिटापर्यंत. खांदा कशानं गेला असं विचारायचीस ना तू? याच्यानं गेला."

आमच्याखेरीज सभागृहात एकालाही मराठी येत नव्हते. तरीही उगारलेली ताटे हळूहळू टेबलांवर उतरली.

वीतभर उंच व्यासपीठाच्या दोन बाजूंना, खालीच, मनोहर आणि अहिल्या उभी राहिली. मनोहरने माझे टोक उजव्या हातात घेतले. डावा हात शाबूत असताना. हात छातीपर्यंत आला आणि थांबला. कपाळावर घाम आला, पण हात वर जाईना. तेव्हा ती थुंकणारी मोना काठी टाकून आली आणि तिने दोन्ही तळव्यांनी मनोहरचे कोपर खालून उचलले. "माझीही आजी अशीच हट्टी होती," ती इंग्रजीत पुटपुटली. मला ती बाई आवडली नाही. परंतु आधार कुठे द्यावा, हे तिला कळत होते, हे मी मान्य करते.

मी दोघांच्या मध्ये ताणली गेले. अंगाला चटणी, लसणाचा वास, पायांखाली फुटलेल्या ताटांचा खच. अशा अवस्थेत मी कधीही उभी राहिले नव्हते. माझी आजी धाबळी असती तर तिने तिथेच जीव दिला असता. पण कुंकवाऐवजी चटणी लागली, म्हणून अंतरपाट अंतरपाट असायचा थांबत नाही. शंतनूने टाचा उंचावल्या नाहीत. एवढे वळण त्याला आहे. अहिल्येने शेवटचे मंगलाष्टक म्हटले, आणि 'सावधान' म्हणताच तिने मला आपल्याकडे ओढून घेतले.

दृष्टभेट वधूवरांची व्हायची असते. पण देवयानीने शंतनूकडे पाहिलेच नाही. ती बापाकडे पाहत होती. मोनाने कोपर सोडले होते, मी अहिल्येच्या हातात गेले होते, आणि आखडलेला तो हात काही न धरता तसाच हवेत राहिला होता, जसा त्या दिवशी नागपुरात होता.

"वीज खरंच गेली होती?" तिने विचारले.

"मे महिना होता. नागपूर होतं. जाणारच," मनोहर म्हणाला.

मित्रांनो, मी म्हातारी आहे आणि उपदेश करण्याचा मला अधिकार आहे. घरातले जुने वस्त्र धुवा, घडी घाला, वर्षातून एकदा उन्हाला द्या. मानेवरून फिरवू नका. आणि कोणी तुमच्यासाठी एखादे टोक धरून उभे आहे का, हे ठरवून न टाकता एकदा विचारून घ्या.

देवयानी व्यासपीठावरून खाली उतरली. कागदी मुकुट तिने काढून टेबलावर ठेवला. मग दोन्ही हातांनी बापाचा तो हात धरला आणि हळूहळू, त्याला दुखणार नाही अशा बेताने, खाली घेतला. पाच वर्षे राहिलेले देणे पुरते फिटले.