चोरकप्प्यातली तसबीह

मी एक जुनी निळी खांद्याची बॅग आहे, मित्रांनो. माझी चेन अडकते, पट्टा उसवला आहे. पण मला लाज वाटते ती त्याची नाही.

माझे मालक हरिहर सौदीत, अबकैकला इंजिनियर. तिथे दुसऱ्या धर्माच्या देवाची तसबीर उघड नेणं अवघड. विमानतळावर उगाच विचारपूस नको, म्हणून त्यांच्या बायकोनं, मधुमतीवहिनींनी, माझ्या अस्तरात चोरकप्पा शिवला आणि गणपतीचा छोटा फोटो त्यातून आणला. पुढेही वर्षानुवर्षं मी त्याला सांभाळून नेलं-आणलं. वहिनी मला गुणाची म्हणायच्या आणि मी फुगून जायची.

गेल्या वर्षी हरिहर कामासाठी चीनला निघाले. सुटीच्या दिवशी चुआनचौ हे जुनं बंदर पाहायचं ठरलं होतं. ते कळताच शेजारची सफूरा आली. ती मूळची रत्नागिरीची, इथे नर्स. तिच्या हातात वडिलांची तसबीह, म्हणजे जपमाळ होती.

"बाबा खलाशी होते. त्या बंदरातल्या मशिदीत जायचं म्हणत म्हणत गेले," ती म्हणाली. "ही तरी तिथे पोचू दे, हरिहरभाऊ."

सामान भरताना वहिनींनी तसबीह चोरकप्प्यात सरकवली. सौदीतून तसबीह नेताना लपवायचं काय कारण? पण देवाची वस्तू म्हटली की त्यांचा हात तिकडेच जायचा. नवऱ्याला सांगायचंही राहिलं.

चुआनचौत एकाच रस्त्यावर दगडी मशीद आणि चिनी देवाचं देऊळ. बुद्धमंदिरामागच्या खांबांवर कृष्णसुद्धा कोरलेला. सगळे देव उघड्यावर नांदत होते. आणि मशिदीच्या पायरीवर हरिहर माझे कप्पे उलटेपालटे करत होते. चोरकप्पा त्यांना आठवलाच नाही. तसबीह माझ्या पोटात होती आणि मी मुकी.

तसबीह हरवली असंच त्यांना वाटलं. परतल्यावर त्यांनी वहिनींना आणि सफूराला सांगितलं, "दिली. इमामांच्या हातात दिली." तिनं डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी शेवयांची खीर पाठवली. हरिहरांना ती गिळवेना. मग मी कपाटावर गेले, ती वर्षभर तिथेच धूळ खात पडले.

आता सफूरा कायमची गावी निघाली आहे. वहिनींनी मला तिला देऊन टाकलं. मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू हरवली तर त्याच दिवशी सांगा. उशिरा सांगायला फार बळ लागतं, हे मी आज पाहते आहे.

निरोपाला आलेले हरिहर चहा पीत बसलेत. माझ्या अस्तरावरून फिरणारा सफूराचा हात थांबला.

"हे मण्यांसारखं काय लागतंय, हरिहरभाऊ?"

हरिहरांनी कप खाली ठेवला.

"सांगतो," ते म्हणाले. "आधी तू बस."