अंगठ्याने पास केलेली स्प्रिंग

मित्रांनो, नावेच्या डिझेल इंजिनात बारा वर्षे उड्या मारून आता आरामात बसलेली मी एक जुनी स्प्रिंग आहे. उंची जेमतेम तुमच्या करंगळीएवढी, पण ऐट विचाराल तर अख्ख्या इंजिनाएवढी.

पोलादी तारेची वेटोळी करून, भट्टीत तापवून मला घडवले. आम्ही आठ जणी इंजिनाच्या डोक्यावर, म्हणजे सिलेंडर हेडमध्ये, बसलो. काम एकच. व्हॉल्व्ह उघडला की तो झटकन मिटवायचा. उशीर झाला तर पिस्टन खालून येऊन त्याला धडकतो आणि भर नदीत इंजिन बंद पडते. आम्ही एकदाही उशीर केला नाही. नाववाली मावशी इंजिनावर थाप मारून म्हणायची, "गुणाचं गं माझं." ते सगळे कौतुक मी माझ्या एकटीचेच समजत असे.

पुढे इंजिन काळा धूर ओकू लागले. मावशीने हेड उतरवून एका वर्कशॉपमध्ये आणले. तिथे बाप-लेक काम करतात. लेकीने हेड घासूनपुसून लख्ख केले, व्हॉल्व्हच्या बैठका नीट केल्या आणि आमच्यापाशी येऊन थांबली.

"नव्या टाकायच्या तर कडकातल्या कडक टाक," मावशी म्हणाली. "नदीत जिवाला घोर नको."

"फार कडक टाकल्या तर त्या व्हॉल्व्ह उघडणारा कॅमच झिजवतील, मावशी," लेक म्हणाली. " मूळच्या होत्या तेवढ्याच जोराच्या हव्यात."

"पण नव्या हव्यातच कशाला?" बाबा मध्येच म्हणाले. चाळीस वर्षे ते स्प्रिंगा अंगठ्याने दाबून पास-नापास करत आले होते. त्यांनी मला दाबले. "ही बघ, अंगठ्याला दाद देत नाही. घाल परत."

मी हुरळून गेले. लेकीने मात्र बाबांच्या हाताकडे पाहिले. गेल्या वर्षी बाबांचा हात मोडला होता. हाड जुळले, पण जोर परतला नव्हता. आता बाटलीचे झाकणसुद्धा त्यांच्या हाताला दाद देत नसे. हे त्यांना तोंडावर सांगणार कोण? आणि न सांगावे, तर मावशीची नाव रोज माणसांनी भरून जाते.

"बाबा, जरा वाइस फिरवा ना," ती म्हणाली. टेबलाला बसवलेल्या त्या लोखंडी जबड्यात तिने मला आणि एका नव्या स्प्रिंगला टोकाला टोक लावून आडवे धरले. दोघींचा जोर सारखा असेल तर दोघी सारख्याच आखडतात. बाबांनी दांडा फिरवला. मी भराभर आखडले. नवी मात्र तोऱ्यात, जवळजवळ तशीच. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा स्वतःच्या अंगठ्याकडे, आणि हसू लागले. "आम्ही दोघं एकमेकांना पास करत बसलो होतो तर," ते म्हणाले. "घाल नव्या. आठही."

दुसऱ्या दिवशी नाव माझ्याविना पलीकडे गेली. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण लेकीने मला भंगारातून उचलून बाबांच्या तळहातावर ठेवले. "रोज पन्नास वेळा दाबायची," तिने दटावले.

तेव्हापासून मी बाबांच्या शर्टाच्या खिशात राहते. पहिले काही दिवस त्यांनी कितीही दाबले तरी मी जागची हललेही नाही. काल मात्र त्यांनी मला वेटोळ्याला वेटोळे टेकेपर्यंत दाबले आणि लेकीला हाक मारून दाखवले. तिचे डोळे भरून आले.

मित्रांनो, दमलेल्यालाही त्याला झेपेल असे काम द्या, एवढेच माझे मागणे. आणि हो, बाबांचा जोर वाढला की माझा आणखी कमी झाला, हे ठरवायला कृपा करून मला पुन्हा त्या वाइसमध्ये घालू नका.